नाशिकचे चार दिवस आणि दोन तबकड्यांची घड्याळे

पहिला दिवस : बुधवार, गोदाकाठ

बुधवार साधूनच नाशिकला पोहोचायचे, हे मी महिनाभर आधी ठरवले होते. गोदावरीच्या काठावरचा आठवडे बाजार त्या दिवशी भरतो आणि भाजीपाला, मसाले, भांडी यांच्या रांगा संपल्या की कडेला काही मंडळी जुन्या वस्तू मांडून बसतात, असे एका मित्राने सांगितले होते. पुण्याहून पहाटेच्या एसटीने निघालो. प्रवासाबद्दल सांगण्यासारखे काही नाही. थंडीबद्दल मात्र आहे. संक्रांतीचा पुढचा आठवडा होता, सिन्नरच्या पुढे खिडकीची काच आतून ओली झाली होती आणि शेजारी बसलेल्या आजींनी ओळख नसतानाही आपल्या शालीचे टोक माझ्या गुडघ्यांवर टाकले.

मी बुद्धिबळाची जुनी, चावीची घड्याळे जमवतो. एका पेटीत दोन यंत्रे, दोन तबकड्या आणि वर दोन कळी असलेली ती घड्याळे मी शाळकरी वयात जिल्हा स्पर्धेत पहिल्यांदा पाहिली. तेव्हा ती फक्त पहिल्या चार पटांवर असत आणि आपल्याही पटावर एकदा घड्याळ यावे, एवढ्यासाठी मी दोन वर्षे नेटाने खेळलो. आता माझ्याकडे अशी अकरा घड्याळे आहेत. मला नुसते घड्याळ नको असते. ते कोठे बनले, कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेले, त्यावर कोण खेळले, हेही हवे असते. नाणी जमवणाऱ्या एका स्नेह्यांनी याला ‘वस्तूची वंशावळ’ असा शब्द दिला, तो मला फार आवडला.

बाजारात पोहोचलो तेव्हा अकरा वाजले होते आणि हे उशिराचे होते. जुन्या वस्तूंचे निवडक गिऱ्हाईक सूर्य वर येण्याआधीच येऊन जाते, असे दोघा विक्रेत्यांनी वेगवेगळे सांगितले, तेव्हा ज्यांना जायचे असेल त्यांनी आदल्या रात्रीच मुक्कामाला यावे. पितळी अडकित्ते, कुलुपे, तराजूची पारडी, बंद पडलेले गजर असे पुष्कळ होते; माझ्या कामाचे काही नव्हते. गजरांचा ढीग चाळत असताना त्या विक्रेत्या मावशींनी विचारले, “एका डब्यात दोन घड्याळं कशाला रं भाऊ लागत्यात?” मी त्यांच्या शेजारी उकिडवा बसून सांगू लागलो आणि त्याही गिऱ्हाईक नसल्यामुळे ऐकत राहिल्या.

पावणेदोनशे-दोनशे वर्षांपूर्वी बुद्धिबळाच्या डावाला वेळेचे बंधनच नव्हते. १८४३ साली पॅरिसमध्ये स्टाँटन आणि सेंत आमां यांचा सामना झाला, तेव्हा एकेक डाव तासन् तास चाले आणि समोरचा चाल करत नाही म्हणून कोणाला काही करता येत नसे. १८६१ मध्ये अँडरसन आणि कोलिश यांच्या सामन्यात वाळूची घड्याळे वापरून पाहिली गेली. खरा तोडगा निघाला तो १८८३ च्या लंडन स्पर्धेत. मँचेस्टरच्या बुद्धिबळ क्लबातील थॉमस ब्राइट विल्सन यांनी लोलकाची दोन लहान घड्याळे एका आडव्या दांडीच्या दोन टोकांना बसवली आणि ती दांडी मधोमध खिळीवर ठेवली. आपली चाल झाली की आपले टोक खाली दाबायचे. आपले घड्याळ कलते, त्याचा लोलक अडून थांबतो आणि समोरच्याचे सरळ होऊन चालू लागते. मावशींनी हातातली तागडी एकदा इकडे, एकदा तिकडे झुकवून पाहिली आणि म्हणाल्या, “म्हंजे आमच्यासारखंच की.” मी आजवर अनेकांना हे घड्याळ समजावले आहे, इतक्या थोडक्यात आणि इतके अचूक कोणाला समजलेले पाहिले नाही.

दुपारी काळ्या मसाल्याची मिसळ खाल्ली. नाशिकच्या मिसळीबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत, म्हणून एवढेच सांगतो की रस्सा वेगळा मागून घ्यावा आणि सोबतचा पापड आधी संपवू नये.

संध्याकाळी नारोशंकराच्या देवळापाशी गेलो. १७४७ मध्ये बांधलेल्या या देवळाच्या तटावरची घंटा चिमाजी अप्पांनी १७३९ साली पोर्तुगीजांवर मिळवलेल्या वसईच्या विजयाची आठवण म्हणून नाशिककर ओळखतात. पूर किती आला आहे, हे समोर रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीच्या अंगावर पाणी कोठवर चढले त्यावरून सांगतात आणि फार मोठा पूर आला की या घंटेचे नाव निघते. फुले विकणारा एक मुलगा मला घंटा दाखवून म्हणाला, “ही वसईची.” एवढ्या दोन शब्दांत एका वस्तूची वंशावळ पिढ्यान्‌पिढ्या तोंडी चालत आली आहे, हे मला पुढचे तीन दिवस आठवत राहिले.

दुसरा दिवस : भद्रकाली आणि मेन रोड

ज्या कारणासाठी मी नाशिक गाठले होते, ते कारण भद्रकालीजवळच्या एका जुन्या वस्तूंच्या दुकानात होते. दुकानदारांशी दूरध्वनीवर बोलणे झाले होते आणि त्यांनी सांगितले होते की त्यांच्याकडे सुलतान खान यांच्या हातचे घड्याळ आहे.

मीर सुलतान खान हे नाव माझ्यासाठी साधे नाही. पंजाबातल्या मिठा तिवाना गावचा हा माणूस देशी पद्धतीचे बुद्धिबळ खेळत वाढला, १९२९ मध्ये सर उमर हयात खान यांच्या पदरी इंग्लंडला गेला आणि त्याच वर्षी ब्रिटिश अजिंक्यपद जिंकला. पुन्हा १९३२ आणि १९३३ मध्येही जिंकला, मग मायदेशी परतला आणि मोठ्या स्पर्धांतून नाहीसा झाला. जागतिक संघटनेने त्यांना सन्माननीय ग्रँडमास्टर हा किताब दिला तो २०२४ साली, त्यांच्या निधनानंतर कितीतरी वर्षांनी. त्यांच्या बोटांनी दाबलेले घड्याळ नाशिकमध्ये असेल, या कल्पनेने मला आदल्या रात्री नीट झोप लागली नव्हती, हे मान्य करतो.

दुकानदारांनी मखमलीच्या फडक्यातून घड्याळ बाहेर काढले आणि ते पूर्ण उलगडण्याआधीच मला कळले. तबकडीवर ‘गार्दे’ हे नाव होते. ही घड्याळे पूर्व जर्मनीतल्या थुरिंजिया प्रांतात, रूला या गावच्या कारखान्यात बनत. तबकडीच्या तळाशी बारीक अक्षरांत पूर्व जर्मनीचे नाव होते आणि पूर्व जर्मनी हे राष्ट्रच १९४९ साली जन्माला आले. सुलतान खान इंग्लंडमधून परतल्यानंतर पंधरा-सोळा वर्षांनी जो देश निर्माण झाला, त्या देशाचे घड्याळ त्यांनी इंग्लंडमध्ये वापरले असणे शक्य नाही.

मी हे भिंग हातात देऊन त्यांना दाखवले. ते रागावतील असे वाटले होते. त्यांनी ती अक्षरे दोनदा वाचली, खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, “ज्याने मला दिलं, त्याने असं सांगितलं होतं. मी तुम्हाला खोटं बोललो नाही, पण खरंही बोललो नाही.” नंतर त्यांनी सांगितलेली किंमत बऱ्यापैकी खाली आणली आणि चहा मागवला. घड्याळ म्हणून ते चांगलेच होते, लाकडी पेटीला तडा नव्हता, फक्त डाव्या बाजूची झेंडी, म्हणजे वेळ संपली की पडणारी लाल पट्टी, तुटलेली होती. मी ते घेतले आणि पावतीवर सुलतान खान यांचे नाव घालू नये, एवढीच विनंती केली. त्यांनी पावतीवर ‘जुने बुद्धिबळाचे घड्याळ, एक’ असे लिहिले.

घड्याळे पाहायला जाणाऱ्यांसाठी येथे थोडे थांबतो. गोष्ट ऐकण्याआधी तबकडी वाचावी. देशाचे नाव, कारखान्याचे नाव आणि लिपी एवढ्यावरून बहुतेक दाव्यांचा निकाल लागतो. ढकलायची कळ आहे की कलती दांडी, झेंडी आहे की नाही, पेटी लाकडाची, बॅकेलाइटची की नव्या प्लॅस्टिकची, हे त्यानंतर पाहावे. काटे दोन्ही बाजूंना एकाच नमुन्याचे आहेत का, हे अवश्य पाहावे, कारण दोन मोडक्या घड्याळांतून एक चालते घड्याळ करण्याचा प्रघात सर्वत्र आहे. पितळेला पॉलिश करू नये आणि शिवणयंत्राचे तेल तर कधीही घालू नये. शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या पुरावशेषविषयक कायद्याच्या कक्षेत येऊ शकते आणि अशी वस्तू खाजगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही, हेही परदेशी मित्रांसाठी खरेदी करणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

दुपारी मेन रोडच्या एका बोळातले घड्याळजी शोधून काढले. सत्तरीपुढचे गृहस्थ, सगळे त्यांना चाचा म्हणतात. चार फुटांच्या त्या जागेत दोघांना बसता येत नव्हते, म्हणून मी पायरीवर बसलो. त्यांनी मागचे झाकण काढले, डोळ्याला भिंग लावले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग मला आत वाकून पाहायला लावले. कळ दाबली की आतली पट्टी सरकते आणि तिचे टोक एका बाजूच्या बॅलन्सच्या, म्हणजे मागेपुढे झुलणाऱ्या, चाकाला अगदी अलगद टेकते. तेवढ्या स्पर्शाने ते यंत्र थांबते आणि दुसरे सुटते. “ह्याचा हात नरम पाहिजे,” चाचा म्हणाले, “जोरात मारणाऱ्यांनी ह्याचा जीव घेतलाय.” वेळेच्या चणचणीत कळीवर मुठी आपटणारे कितीतरी खेळाडू माझ्या डोळ्यांसमोर आले, त्यांत मीही होतो.

झेंडी नेमकी कशासाठी असते, हे चाचांना ठाऊक नव्हते आणि समजल्यावर ते लहान मुलासारखे खूश झाले. मिनिटकाटा बाराच्या जवळ येऊ लागला की ती लाल पट्टी तो हळूहळू उचलत नेतो आणि बारावर पोहोचताच सोडून देतो. ती पडली की वेळ संपली. डाव सुरू करताना घड्याळ असे लावतात की मुदत बरोबर सहाच्या ठोक्याला संपावी, म्हणजे दोन तासांसाठी चार वाजता आणि अडीच तासांसाठी साडेतीनला. आज खेळणारी मुले आकडे उलटे उतरताना पाहतात आणि प्रत्येक चालीला काही सेकंद वाढवून मिळतात, ज्याचे पेटंट माजी जगज्जेते बॉबी फिशर यांनी १९८८ मध्ये मागितले होते. मोजमाप त्यात अचूक आहे, यात वाद नाही. तरी काटा झेंडी उचलू लागला आहे आणि आपल्याला अजून सात चाली करायच्या आहेत, ही शेवटची तीन मिनिटे त्या आकड्यांत नाहीत. इथलेच ग्रँडमास्टर विदित गुजराथी यांच्यामुळे नाशिकच्या घराघरांत बुद्धिबळाचा पट आला आहे. या शहरातल्या मुलांना एकदा तरी ती पडणारी झेंडी दाखवावी, असे मला मनापासून वाटते.

चाचांनी जुन्या गजराच्या पत्र्यातून नवी झेंडी कापली, तिला नखाला लावायचा लाल रंग दिला आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी या म्हणाले. जाताना उलटा वडापाव खाऊन जा, असेही बजावले. सारण पावात भरून मग सगळे एकत्र तळलेला तो वडापाव थंडीत उभ्याने खाण्याची गोष्ट आहे, हे त्यांचे म्हणणे खरे निघाले.

तिसरा दिवस : अंजनेरी

त्र्यंबकेश्वरच्या रस्त्यावर, अंजनेरीच्या डोंगराच्या पायथ्याशी नाणेशास्त्राच्या संशोधनाची संस्था १९८० पासून उभी आहे. नाण्यांचा आणि घड्याळांचा संबंध नाही, तरी वस्तूची पारख कशी करतात ते पाहण्यासाठी मुद्दाम गेलो. जाण्यापूर्वी दूरध्वनी करून वेळ विचारून घ्यावी आणि डोंगरावरच्या माकडांपासून पिशवी सांभाळावी.

तेथून मी एकच गोष्ट घेऊन आलो. नाणी एखाद्या मडक्यात एकत्र सापडली, तर ती कोठे आणि कोणत्या नाण्यांसोबत सापडली यावरून कोणते राज्य केव्हा होते, व्यापार कोठवर जात होता, हे अभ्यासकांना सांगता येते. तेच मडके सराफाकडे फुटून नाणी सुटी विकली गेली, तर प्रत्येक नाणे तितकेच चांदीचे राहते, पण ते काही सांगू शकत नाही. संध्याकाळी चाचांकडून गार्दे घेतले. दोन्ही झेंड्या एका सरळीत उभ्या राहत होत्या.

चौथा दिवस : ओझर

या दिवसाची योजना नव्हती. चाचांनीच झेंडी बसवताना सांगितले होते की असले दोन तोंडांचे घड्याळ त्यांनी आयुष्यात आणखी एकदाच दुरुस्त केले होते, ते ओझरच्या विमान कारखान्यातल्या एका साहेबांचे. त्यांनीच फोन लावून दिला.

महामार्गाने ओझर गाठेपर्यंत सकाळचे आठ झाले. धुके होते आणि दूर द्राक्षबागांतून धूर वर चढत होता. कडाक्याच्या थंडीत घड जपण्यासाठी शेतकरी बागांमध्ये शेकोट्या पेटवतात, त्यांचा तो धूर. निफाड तालुक्याची थंडी वर्तमानपत्रात वाचलेली होती, हाताच्या बोटांना ती त्या दिवशी कळली.

काका ८१ वर्षांचे आहेत. त्यांच्या इच्छेनुसार नाव लिहीत नाही. सोव्हिएत सहकार्याने मिग-२१ विमाने बांधण्यासाठी १९६४ साली येथे हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा विभाग निघाला आणि काका तरुणपणीच तेथे लागले. त्या काळात सोव्हिएत तंत्रज्ञ येथे येऊन राहत आणि त्यांतल्या एकाशी काकांची ओळख बुद्धिबळावरून झाली. दोघांनाही मोडके इंग्रजी येत होते. “पहिल्याच दिवशी भांडण,” काका म्हणाले. “मी म्हटलं हत्ती, तो म्हणाला स्लोन, आणि स्लोन म्हणजे हत्तीच. पण तो बोट दाखवत होता उंटावर!” रशियन भाषेत आपल्या उंटाला हत्ती म्हणतात आणि आपल्या हत्तीला लाद्या, म्हणजे होडी, घोडा मात्र घोडाच आहे आणि वजिराला ते फेर्झ म्हणतात, जो फारसीतून गेलेला शब्द आहे. हत्तीची होडी कशी झाली, यावर दोघांनी एक अख्खी संध्याकाळ घालवली होती.

घड्याळ देवघराशेजारच्या फडताळात होते. ‘यांतार’, म्हणजे अंबर, ते पिवळसर राळेचे रत्न. ओर्योल शहरातल्या घड्याळांच्या कारखान्यात बनलेले. तबकडीवरचे नाव रशियन लिपीत होते आणि येथे माझा श्वास थोडा अडला, कारण निर्यातीसाठीच्या नगांवर हे नाव रोमन लिपीत असे. हे घड्याळ व्यापाऱ्याच्या मार्गाने आलेले नव्हते. कोणाच्या तरी सामानातून आले होते. काकांनी पेटीच्या तळातून एक घडी केलेला कागद काढला. सोव्हिएत वस्तूंसोबत ‘पासपोर्ट’ नावाची एक लहान पत्रिका येई, ती त्यांनी जपून ठेवली होती, शिक्का आणि तारीख यांसह. आणि त्यासोबत एक दोनशेपानी वही.

ती वही मी दोन तास वाचली. १९७३ च्या पावसाळ्यापासून पुढच्या उन्हाळ्यापर्यंतचे ६८ डाव, डाव्या पानावर रशियन खुणांनी त्या अभियंत्याच्या हातचे आणि उजव्या पानावर मराठी अक्षरांत काकांच्या हातचे. प्रत्येक डावाखाली दोघांनी घेतलेला वेळ लिहिलेला. एका पानावर ‘झेंडी पडली, पण त्याने खेळू दिले’ असे होते. शेवटच्या पानावर एक सुरू होऊन बाराव्या चालीवर थांबलेला डाव होता, कारण त्या संध्याकाळी गाडी लवकर आली आणि तो गेला. घड्याळ त्याने टेबलावरच राहू दिले. पुढे पत्रे आली नाहीत.

मी घड्याळ मागितले नाही असे म्हणणार नाही. मागितले, आणि किंमतही सांगितली. काकांनी उत्तर न देता पट मांडला, दोन्ही बाजू साडेपाचला लावल्या आणि म्हणाले, “आधी खेळून तर बघा.” अर्ध्या तासाचा डाव. त्यांचा हात कळीवर जायचा तो फुलावर जावा तसा. माझ्याकडे एक प्यादे जास्त होते, तेव्हा माझी झेंडी वर चढू लागली आणि चार चाली उरलेल्या असताना पडली. काकांनी झेंडीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, “खेळा.” त्या वहीतले वाक्य माझ्या बाबतीत पुन्हा घडले होते.

काकूंनी जेवायला थांबवून घेतले. बाजरीची भाकरी, वांग्याचे भरीत, लोणी आणि मुठीने फोडलेला कांदा; रथसप्तमी व्हायची होती, म्हणून वर तिळगूळ. जेवताना काका म्हणाले की मुलांना वही नको आहे, तिला वाळवी लागेल, घड्याळ मात्र कोणी ना कोणी घेईल. मी त्यांना अंजनेरीच्या मडक्याची गोष्ट सांगितली. घड्याळ माझ्याकडे आणि वही येथे राहिली, तर माझ्या कपाटात एक चांगले यांतार वाढेल आणि तुमच्या फडताळात एक न समजणारी वही राहील, हे मीच बोलून गेलो आणि बोलल्यावर माझी मागणी माझ्याच तोंडून मागे घेतली गेली. काकूंनी भाकरी वाढता वाढता विचारले, “मग दोन्ही एकाच पेटीत ठेवून, वर लिहून ठेवलं तर?”

तसे केले. वहीच्या सर्व पानांची छायाचित्रे घेतली. काका सांगत गेले आणि मी दीड पानांत घड्याळाची हकिगत लिहिली : कोणाकडून, कोठे, कोणत्या वर्षी, कोणी दुरुस्त केले. त्यांनी प्रत्येक वाक्य तपासले, एका ठिकाणी ‘भेट दिली’ असे मी लिहिले होते ते खोडून ‘ठेवून गेला’ केले आणि खाली सही केली. एक प्रत पेटीत, एक माझ्याकडे. पेटीतून काही वेगळे काढू नये, असे काकूंनी झाकणाच्या आत स्वतःच्या अक्षरात लिहिले.

रात्री उशिरा पुण्यात पोहोचलो. गार्देच्या दोन्ही चाव्या भरल्या, दोन्ही बाजू चारला लावल्या आणि एकेक बाजू पूर्ण रात्रभर चालवून पाहिली. उजवी बाजू दिवसाला दोन मिनिटे मागे पडते, ती चाचांना कळवली. नोंदवहीत बारावे पान उघडून कारखाना, प्रकार, पेटी, दुरुस्ती हे रकाने भरले. इतिहासाच्या रकान्यात ‘नाशिक, भद्रकाली येथून घेतले, त्यापूर्वीचे ठाऊक नाही’ असे लिहिले. मग तेरावे पान उघडले, ओझरच्या यांतारचे सगळे तपशील त्यावर उतरवले आणि ‘सध्या कोठे’ या रकान्यात काकांच्या फडताळाचा पत्ता लिहिला.